पेट्रोलमध्ये पाणी आलं तर: टाकीपासून इंजिनपर्यंत, ओळीने

जुलैतला रविवार होता. संगमेश्वरहून पनवेलला परत येत होतो. मी, हे आणि मागच्या सीटवर आई. सीएनजीचा एकच दिवा उरला होता आणि पुढच्या गॅसपंपावर किती रांग असेल याचा भरवसा नसतो, म्हणून हायवेवरच्या एका पंपावर पंधरा लिटर पेट्रोल टाकलं आणि गाडी पेट्रोलवर घेतली. चार किलोमीटर काहीही झालं नाही. परशुराम घाट चढायला लागलो आणि गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबावा तर पिकअप नाही, सोडावा तर बंद पडेल अशी थरथर. चेक इंजिनचा दिवा आधी लागला, मग लुकलुकायला लागला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गाडी दुरुस्त करणं हे माझं काम नाही, पण आमच्या गॅरेजवाल्या दादांच्या शेजारी दोन दिवस उभी राहून ही दुरुस्ती मी पायरी पायरीने बघितली आणि पेट्रोलची परीक्षा स्वतः केली. पावसाळ्यात हा प्रसंग कोणावरही येतो आणि घाबरून लोक आधी इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग), मग टाकीतला पंप, मग आणखी काहीतरी बदलत बसतात. माझं सांगणं एवढंच आहे: आधी पेट्रोल डोळ्यांनी बघा. मग दुरुस्ती टाकीकडून इंजिनकडे करत या, उलटी नाही.

चार किलोमीटर गाडी नीट का चालली, हे आधी समजून घ्या. पाइपमध्ये आणि फिल्टरमध्ये जुनं, चांगलं पेट्रोल भरलेलं असतं. ते संपेपर्यंत गाडी गुणी असते. त्यामुळे पेट्रोल भरल्यावर दोन-पाच किलोमीटरमध्ये अचानक मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) सुरू झालं, तर पहिला संशय त्या पेट्रोलवरच घ्या. पंपावरची पावती फेकू नका, तिच्यावर वेळ असते.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी ओढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. मग पाण्याच्या दुरुस्तीत त्याचा मोठा खर्च वाढतो. गाडी बंद पडली असेल तर सेल्फवर सेल्फ मारू नका. प्रत्येक सेल्फबरोबर टाकीतला पंप तळातलं पाणी पुढे ढकलतो, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल कच्च्या पेट्रोलने धुतलं जातं. बॅटरी बसते ती वेगळीच.

आमच्या बाबतीत घाटातच निदान झालं. ह्यांनी सीएनजीचं बटण दाबलं आणि दोन सेकंदांत गाडी लोण्यासारखी चालायला लागली. आई म्हणाली, "आता काय केलंस?" ज्यांच्याकडे गॅस आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी आहे त्यांच्यासाठी याच्याइतकी चांगली परीक्षा नाही. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. म्हणजे गॅसवर गाडी नीट चालत असेल तर ठिणगी पाडणारे प्लग, त्यांना वीज देणारी कॉइल, सिलिंडरमधला दाब म्हणजे कॉम्प्रेशन, हे सगळं ठीक आहे. उरतं काय? पेट्रोल, पंप, फिल्टर आणि पेट्रोलचे इंजेक्टर. अर्धा तपास तिथेच संपतो.

उरलेल्या गॅसवर पुढच्या पंपापर्यंत आलो, गॅस भरला आणि गॅसवरच पनवेल गाठलं. एक गोष्ट मात्र आधीच बघून ठेवा. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, त्यामुळे पेट्रोल खराब असेल तर गॅस भरायला बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. काही किटमध्ये बटण दाबून धरून थेट गॅसवर सुरू करायची सोय असते. आमच्या गाडीत ती होती. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ते पान आजच शोधा, घाटात पावसात शोधायला नको.

काचेची बाटली

दुसऱ्या दिवशी दादांनी पहिल्यांदा गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. पी-०३०० हा कोड होता, म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरचं नाही, सगळ्यांचंच आळीपाळीने मिसिंग. एकाच सिलिंडरचा कोड असता, समजा पी-०३०३, तर तिसऱ्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल बघावी लागली असती. सगळे एकदम बिघडतात तेव्हा कारण बहुधा सगळ्यांना मिळून एकच असतं, आणि पेट्रोल ते असू शकतं.

मग त्यांनी टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढला, पाइपातला दाब उतरवला आणि इंजिनाकडचा पाइप सोडवून एका स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना घेतला. दाब उतरवल्याशिवाय पाइप सोडवायचा नाही. आत तीन-चार बारचा दाब असतो, पेट्रोल तोंडावर उडतं. हे काम स्वतः करू नका, पण नमुना आपल्यासमोर घ्यायला सांगा आणि बाटली काचेचीच हवी असा आग्रह धरा. प्लास्टिकच्या धुरकट बाटलीत काही दिसत नाही.

बाटली वीस मिनिटं न हलवता ठेवली. आधी सगळं गढूळ होतं, ताक पातळ केल्यासारखं. मग खालून निवळायला लागलं. शेवटी तळाशी दोन बोटं पाण्यासारखा थर, वर फिकट केशरी पेट्रोल आणि दोघांच्या मध्ये एक धारदार रेघ. बाटली तिरकी केली की रेघ मात्र आडवीच राहायची. मी घरून खाण्याचा लाल रंग नेला होता, पाण्यात विरघळणारा. त्याचा एक थेंब वरून सोडला. पेट्रोलमधून तो गोळीसारखा तसाच खाली गेला, रेघेवर क्षणभर टेकला आणि खालच्या थरात शिरताच पसरला. खालचं सगळं लाल, वरचं जसंच्या तसं. दादा म्हणाले, "मॅडम, आता इंजेक्टरचं नावच काढायला नको."

इथे एक खुलासा करणं फार गरजेचं आहे, कारण याच गोष्टीवरून खूप गैरसमज आहेत. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जून २०२२ मध्ये देशात मिश्रण १० टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे झालं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं वाटतं. थोडंसं पाणी आलं तर ते इथेनॉलच्या आधाराने पेट्रोलमध्ये विरघळून राहतं आणि गाडीला कळतही नाही. पण मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. म्हणजे खालचा थर नुसतं पाणी नसतो, पाणी आणि इथेनॉल मिळून असतो. म्हणूनच एक लिटर पाणी आलं तर तळाशी त्याहून कितीतरी जास्त जमा होतं.

आता उलटी बाजू. चांगल्या पेट्रोलमध्ये कोणी मुद्दाम पाणी घालून, हलवून दाखवलं, तर खालचा थर घातलेल्या पाण्यापेक्षा मोठाच दिसणार. मी हे प्रयोगशाळेत केलं. मोजपात्रात ९० मिलिलिटर दुसऱ्या पंपावरचं स्वच्छ पेट्रोल घेतलं, १० मिलिलिटर पाणी घातलं, हलवून ठेवलं. खालचा थर २७-२८ मिलिलिटरपर्यंत आला. जास्तीचं सतरा-अठरा हे इथेनॉल आहे, पंपवाल्याने केलेली भेसळ नाही. म्हणून नमुन्यात स्वतः काहीही न घालता, नुसता ठेवून थर पडतो का, हीच खरी परीक्षा. थर पडला तर पेट्रोल खराब. नाही पडला आणि पेट्रोल आरशासारखं स्वच्छ असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

रॉकेलची भेसळ बाटलीत दिसत नाही, कारण रॉकेल पेट्रोलमध्ये पूर्ण मिसळतं. त्यासाठी फिल्टर पेपर. नोझलच्या टोकावरून एक थेंब पेपरावर टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि मागे तेलकट डाग राहत नाही. हा पेपर प्रत्येक पंपावर ठेवावाच लागतो आणि ग्राहकाने मागितला तर द्यावा लागतो. घनताही मागून बघता येते: पेट्रोलची साधारण ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर, आणि पंपाच्या नोंदीपेक्षा ३ च्या वर फरक चालत नाही. दोन्ही आकडे १५ अंश तापमानाला आणून ताडायचे.

टाकी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक तोंडाकडून नळी घालतात, दहा-बारा लिटर ओढतात, वरून ताजं पेट्रोल टाकतात आणि म्हणतात टाकी साफ झाली. पाणी जड असतं. ते अगदी तळाला, खाचेत बसलेलं असतं आणि नळी तिथवर पोचत नाही. वरचं बरं पेट्रोल निघून जातं आणि नेमकं जे काढायचं तेच शेवटचं लिटर-दीड लिटर आत राहतं. पंपाचं तोंडही त्याच खाचेत असतं. चार दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच.

म्हणून गॅरेजमध्ये सांगताना "टाकी रिकामी करा" असं सांगू नका, "पंप काढून टाकीचा तळ पुसा" असं सांगा. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, त्यातून पंप वर निघतो. काहींत टाकीच उतरवावी लागते. वेळ लागतो, मजुरी वाढते, पण याला पर्याय नाही. आमच्या गाडीत टाकी उतरवावी लागली. दादांनी टॉर्च मारून दाखवलं, तळाशी चिकट पाण्याचं डबकं आणि त्यात गंजाचे बारीक लालसर कण होते. ते पाणी आधी उपसलं, मग दोरे न सुटणाऱ्या कापडाने दोनदा पुसून घेतलं. पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती गाळाने भरली होती. ती नवीन घातली, फिल्टर नवीन घातला. गाडीनुसार फिल्टर पंपाबरोबर टाकीतच असतो किंवा बाहेर पाइपवर. जिथे असेल तिथे बदलायचा. ओल्या फिल्टरला हवा मारून परत बसवण्यात काही अर्थ नाही.

पेट्रोलजवळ काम करताना जी काळजी घ्यायची ती मी हात जोडून सांगते. नळी तोंडाने ओढू नका, कधीच नाही. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर माणूस रुग्णालयात जातो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत वाहत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करायचं नाही. उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, धातूचा डबा जमिनीवर ठेवून त्यात पेट्रोल काढायचं, आणि अग्निशामक हाताशी ठेवायचा. शेजारी बिडी, अगरबत्ती, वेल्डिंग, काही नको.

निघालेल्या पेट्रोलचा वरचा थर स्वच्छ दिसतो म्हणून तो परत गाडीत घालायचा मोह होतो. घालू नका. त्यातलं इथेनॉल खाली निघून गेलेलं असतं, ज्याच्या जोरावर ऑक्टेन (पेट्रोलची वेळेआधी न पेटण्याची क्षमता) राखलेला असतो. शिवाय ते पेट्रोल पाण्याने भरलेलं असतं, रात्री गार पडलं की आणखी पाणी सोडतं. गटारात तर मुळीच ओतू नका. दादांनी ते त्यांच्या जळक्या ऑइलच्या पिंपाबरोबर द्यायला ठेवलं.

पाइप, प्लग, इंजेक्टर

टाकी बसवून पाच लिटर ताजं पेट्रोल घातलं. पण पाइप लगेच इंजिनाला जोडला नाही. पंप चालवून पाइपातलं पेट्रोल पुन्हा त्याच काचेच्या बाटलीत घेतलं. पहिली बाटली गढूळ, दुसरीत तळाशी मण्याएवढे दोन थेंब, तिसरी स्वच्छ. तिसऱ्या बाटलीनंतर पाइप जोडला. ही पायरी गॅरेजवाले घाईत गाळतात. तुम्ही आठवण करून द्या.

प्लग काढले तेव्हा टोकं ओली होती. पुसून, वाळवून, गॅप तपासून परत बसवले, बदलावे लागले नाहीत. डिपस्टिकही काढून बघितली. ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. आमच्या ऑइलला वास होता. हे सगळं शिकायच्या आधी घाटात मी चार-पाच सेल्फ मारले होते, त्याचाच तो परिणाम.

इंजेक्टर शेवटी. स्वच्छ पेट्रोलवर पन्नास-शंभर किलोमीटर चालवा, बहुतेक वेळा ते आपोआप मोकळे होतात. त्यानंतरही एखाद्या सिलिंडरचं मिसिंग राहिलं तर त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर प्लगची तशीच अदलाबदल. तरीही जागचा हलला नाही, तरच इंजेक्टर काढून मशीनवर साफ करायला द्या. चारही नवीन घ्या असं कोणी पहिल्याच दिवशी सांगत असेल तर गाडी घेऊन निघा.

आणि एक, जे मला माहीत नव्हतं. खराब पेट्रोलवर चालताना गाडीचा कॉम्प्युटर स्वतःला जुळवून घेतो. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडायला शिकतो. टाकी साफ झाली तरी ती सवय राहते. गाडी जड वाटते, एव्हरेज पडतं, काळा धूर दिसतो. स्कॅनरने कोड पुसताना ही शिकलेली आकडेवारीही रीसेट करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मला एकूण ५,२०० रुपये लागले. टाकी उतरवणं, फिल्टर, जाळी, ऑइल, सगळं धरून.

सगळ्यांनाच इतकं करावं लागत नाही. बाटलीत थर पडला नाही, फक्त सकाळी सुरू करताना गाडी जराशी थरथरते, अशी अवस्था असेल तर गर्दीच्या पंपावर टाकी पूर्ण भरा आणि लांब चालवून आणा. चमचा-दोन चमचे पाणी इथेनॉल पोटात घेतं. तेवढ्यासाठी बाजारातलं औषध आणायची गरज नाही, त्यातही बहुधा अल्कोहोलच असतं. आणि तळाशी थर पडला असेल तर औषधाची बाटली त्याला पुरत नाही. स्वतःच्या गाडीचं झाकणही तपासा, रबर चिरलं असेल तर पाणी तिथूनही जातं.

डिझेलवाल्यांनी मात्र यातलं काही करून बघू नका. डिझेलचा पंप हजार बारच्या पुढे दाब तयार करतो आणि त्याला वंगण डिझेलचंच असतं. पाणी गेलं की धातूवर धातू घासतो. पाण्याचा पिवळा दिवा लागला की बंद करा आणि फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा. भरपूर आलं तर चावीसुद्धा न फिरवता गाडी टो करून न्या.

जुन्या कार्बोरेटरच्या स्कूटरला हे पाच मिनिटांचं काम आहे. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडा, वाटीत पाण्याचे गोळे दिसतील, टाकीचा तळ धुवा, झालं.

पंपाशी बोलताना

काचेची बाटली, तिचा तारखेसह फोटो, पावती आणि गॅरेजचं लेखी निदान, एवढं घेऊन मी पंपाच्या व्यवस्थापकांना फोन केला. उशीर करू नका, कारण नवा टँकर रिकामा झाला की त्यांच्या जमिनीतल्या टाकीचा पुरावा बदलतो. मी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की आज टाकीत काठी घालून पाणी तपासलंत का. काठीच्या टोकाला एक पेस्ट लावतात, पाणी असेल तिथवर तिचा रंग बदलतो. त्यांनी तपासलं आणि ते नोझल बंद केलं. तीन आठवड्यांनी पेट्रोलचे पैसे आणि दुरुस्तीतला काही भाग परत आला. पंपावर तक्रारवही असते, तिच्यात लिहायचा हक्क आपल्याला आहे. तिथे दाद मिळाली नाही तर त्या तेल कंपनीकडे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग.

सीएनजीवाल्यांसाठी आणखी एक. आपण पेट्रोल महिनोन्‌महिने तळाशी ठेवतो. रिकाम्या टाकीत दमट हवा असते, रोज रात्री तिचं दव आत सुटतं आणि इथेनॉल ते शोषत राहतं. आता मी पावसाळ्यात निम्मी टाकी भरलेली ठेवते आणि दर रविवारी भाजीला जाताना बटण पेट्रोलवर करते. जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर होतात.